हलके रॉड

आमच्या वर्कशॉपात वजनकाटा माझ्या ताब्यात. पिस्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड मी एकेक करून तोलते, आणि चारांत एखादा जड निघाला तर हे तो घासून बरोबरीला आणतात. संसारही असाच चालला. मी फरक दाखवायचा, ह्यांनी घासायचा, आणि वर म्हणायचं की बायको नुसत्या चुका काढते.

लेकीच्या शर्यतीच्या गाडीसाठी इंजिन बांधायचं ठरलं तेव्हा टेबलावर रॉडचे दोन संच होते. एक जाडा, दणकट, दुसरा सडपातळ. हलक्या रॉडनं इंजिन झटकन वर चढतं. जाड्यानं ते थोडं आळसावतं, पण दगा देत नाही. लेकीनं हलक्यांवर बोट ठेवलं. मी ते तोलून दिले, हे "बरं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी एकट्यानंच इंजिन बांधून मोकळे झाले.

त्यानंतर पोर हरत राहिली. फार नाही, हातभर अंतरानं. वळणातून बाहेर पडताना गाडी मागे राहते, असं ती दर वेळी सांगायची. गाडीत काही खोट नाही, तूच ॲक्सिलरेटरवर पाय उशिरा देतेस, असं हे दर वेळी सांगायचे. बिचारी रिकाम्या रस्त्यावर तेवढं एक वळण घोटत बसायची. शेवटी शर्यतीच्या संघानं तिच्या जागी दुसरीला घेतलं आणि हिनं एका कचेरीत नोकरी धरली. एकदा जेवताना म्हणाली, "माझ्यात ते नव्हतंच गं, आई." हे अर्ध्या ताटावरून उठले. मला वाटलं, बापाचं काळीज आहे, तुटलं असेल.

गेल्या रविवारी गाडीला गिऱ्हाईक आलं. इंजिन आतून बघितल्याशिवाय घेणार नाही म्हणालं. हे बाहेर गेले होते, म्हणून आम्ही मायलेकींनीच ते उघडलं. पहिला पिस्टन बाहेर ओढला, तर त्याला जाडा रॉड.

काट्यावर ठेवायची गरज नव्हती. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी ह्यांचं कपाट उघडलं. चारही हलके रॉड तेलकट कागदात, मी गुंडाळून दिले होते तसेच.

हे आले, टेबल बघितलं आणि स्टुलावर बसले. तरुणपणी ह्यांच्या मित्राचं इंजिन भर वेगात फुटलं होतं. हलका रॉड तुटून बाहेर आला, तेल चाकाखाली सांडलं, मित्र गेला. ते इंजिन ह्यांनीच बांधलेलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे मी समजू शकते. पण म्हणून पोरीच्या हातातला पेला काढून घ्यायचा?

लेक शांतपणे म्हणाली, "जाडे का घातलेत ते कळतंय, बाबा. पण पाय उशिरा देतेस, असं का सांगत राहिलात?"

ह्यांनी स्वच्छ हात पुन्हा पुसले. "खरं कळलं असतं तर दुसऱ्याकडून बांधून घेतलं असतंस. दर वेळी घरी तर आलीस ना?"

"आले. आपल्याला काही येत नाही, असं समजून आले."

मला ह्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय एक गोष्ट माझी मलाच ठाऊक होती: मला विचारलं असतं, तर मीही जाडेच घाला म्हटलं असतं. ते मला पोरीसमोर बोलवेना.

हे उठले. हलका रॉड हातात घेतला आणि म्हणाले, गाडी विकायची नाही, आजच हे बसवतो. लेकीनं रॉड त्यांच्या हातातून अलगद काढला आणि परत कागदात गुंडाळला.

"नको, बाबा. आता वळण आलं की भरवसाच राहत नाही, मीच पाय काढून घेते."

मग तिनं तो पिस्टन जाड्या रॉडसकट परत बसवायला घेतला. माझ्याकडे न बघता हात पुढे केला, आणि मी पाना दिला.