भावोजींची शेवटची होडी

"आधीच सांगून ठेवतो, यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. पटण्यासारखं असतं, तर छापून नसतं का आलं?" असं म्हणून मी भाचीच्या बैठकीत मांडी ठोकली. शेजारीपाजारी सरकून बसले.

माझी ताई दिली होती समुद्रकाठच्या एका गावात. भावोजी म्हणजे हेच, जे आता आतल्या खोलीत पडून असतात. गाव इतकं शांत, की भरदुपारी कोणी जांभई दिली तर पलीकडच्या गल्लीतला माणूस कूस बदलायचा. खानावळ एकच. गिऱ्हाईक आलं की मालकीण आधी दचकायची, मग चूल पेटवायची. बस यायची, पण वाट चुकली तरच.

भावोजी होड्या बांधायचे. घरामागे लांबलचक शेड, समुद्राकडची बाजू सताड उघडी, तिथून थेट पाण्यापर्यंत वंगण चोपडलेले ओंडके. गावाकडून आत शिरायला मात्र एवढंसं दार. माझ्यासारख्या पोटवाल्याने तिरकंच व्हावं.

"जरा रुंद करायचं होतंत," मी म्हणालो.

भावोजींनी रंधा थांबवला. "कशाला? होडीला गावात काय काम?"

त्या खेपेला शेडमध्ये एक मोठी होडी अर्धी उभी होती. जन्मभर दुसऱ्यांसाठी बांधल्या, ही स्वतःची. हिच्यात ताईला बसवायचं आणि समुद्रातून आपलं घर कसं दिसतं ते दाखवायचं, एवढाच बेत.

"लग्न ठरताना कबूल केलं होतं यांनी," ताई म्हणाली. "मुलगी लग्नाची झाली, पण होडी काही लोटली नाही."

"झाली की, होतेय," भावोजी म्हणाले.

पण तेव्हाच किनाऱ्याने भिंत यायची ठरली. वर फिरायचा रस्ता, बाकं, रंगीत दिवे. पर्यटक येणार म्हणे. कंत्राटदाराचा माणूस शेडमध्ये आला. बोलणं असं गोड, की तोंडावर माश्या बसाव्यात. "काका, तुमची होडी निघेपर्यंत इथली जागा मोकळी ठेवतो. सावकाश होऊ द्या."

आणि भावोजींनी खरंच सावकाश होऊ दिलं!

मी डोक्याला हात लावला. "अहो, तो सावकाश म्हणतो, म्हणजे तुम्ही घाई करा!"

"ओल्या लाकडाची फळी ठोकू? उद्या पाणी घेईल. आणि त्याने शब्द दिलाय."

"शब्दाला खिळा मारलात का?"

"तू गप रे," ताई म्हणाली. "पाहुणा आहेस, पाहुण्यासारखा जेव."

मी जेवलो. मुक्काम लांबवला. भिंत दोन्ही बाजूंनी सरकत आली आणि एका सकाळी शेडसमोर जुळली. गोड माणसाच्या जागी नवाच कोणी उभा. "कोणी सांगितलं मोकळी ठेवतो म्हणून? तो? तो गेला दुसऱ्या कामावर."

भावोजी मागे वळले. आत गेले आणि टेप घेऊन ते गावाकडचं दार मोजायला लागले. स्वतः केलेलं दार! दोनदा मोजलं.

"आता पुढचं ऐका," मी आवाज चढवला, आतल्या खोलीपर्यंत जाईल इतका. "मी चढलो भिंतीवर आणि समुद्राला अशा शिव्या घातल्या, की त्याचीही लाज निघाली. आला चवताळून! भिंत ओलांडून शेडमध्ये शिरला, होडी उचलली. ताई आत बसलेली, हातात चहाचा कप, थेंब सांडला नाही. नवा साहेब दिव्याच्या खांबाला लोंबकळतोय, 'काका, वाचवा!' भावोजी वल्हं मारत म्हणतात, 'सावकाश होऊ द्या.' ताईने लांबून घर पाहिलं. म्हणाली, 'इश्श, मागची भिंत किती कळकट!'"

शेजारी पोट धरून हसले. आत खाट करकरली. भाची ओले हात तसेच घेऊन दारात आली.

"मामा, बास. खोटं आहे हे. होडी बाबांनीच कापली, त्या दारातून निघतील एवढे तुकडे करून. नव्या हॉटेलला गल्ल्याच्या टेबलासाठी हव्या होत्या फळ्या. तेव्हा करवतीचं दुसरं टोक तुम्ही धरलं होतंत. आणि आई होडीत कधी बसलीच नाही."