अक्षरवाल्यांचा धूर

“ही तिसरी कात्री!” बायकोने कात्री टेबलावर आपटली. “आणून चार दिवस नाही झाले. बघा, उघडतसुद्धा नाही.”

कात्रीच्या दोन्ही पात्यांवर तांबडा गंज चढला होता. अक्षरवाल्यांनी ती हातात घेतली, उघडायचा प्रयत्न केला आणि परत ठेवून दिली.

“हवा दमट आहे सध्या.”

“मग माझी स्वयंपाकघरातली सुरी कशी नाही गंजत? दुकानातलंच सगळं का? कुलूप, पट्टी, दाराच्या बिजागऱ्या...”

“स्वस्तातल्या वस्तू आणतेस तू, दुसरं काय!”

तिला खूप काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली. ती तोंडाला पदर लावून दुकानामागच्या राहत्या खोलीत गेली.

तुमच्याआमच्या घरातही असं होतंच की! काहीतरी बिघडतं. खरं कारण शोधायला निघालो तर ते आपल्याच दाराशी येऊन थांबेल, अशी मनात धाकधूक असते. मग आपण हवेला दोष देऊन मोकळे होतो. हवा बिचारी उलटून बोलत नाही.

अक्षरवाले मूळचे पाट्या रंगवणारे. ब्रशने अक्षर काढावं तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे, म्हणून हे नाव पडलं. पुढे हाताने रंगवलेल्या पाट्या कोणी मागेनासं झालं. तेव्हा त्यांनी लेझरने कोरणारं आणि कापणारं यंत्र घेतलं. लाकूड, काच, अ‍ॅक्रिलिक, काहीही ठेवा. झाकणाखाली तो न दिसणारा किरण फिरायचा आणि केसाएवढ्या बारीक रेषेत नाव उमटायचं. अक्षरवाल्यांना त्याचा कोण अभिमान! पाटी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते पाच मिनिटं तरी थांबवून घ्यायचे.

“नुसता उजेड समजू नका याला. याच उजेडाने कारखान्यात पोलादाचे पत्रे कापतात. डॉक्टर डोळे नीट करतात. शास्त्रज्ञांनी तर चंद्रावर किरण सोडून इथून तिथवरचं अंतर मोजलंय. आणि रात्री आकाशात रंगीत चित्रं नाचतात ना, तीही यातलीच!”

त्या नाचणाऱ्या चित्रांमुळेच दुकानाला मोठं काम मिळालं. शहरात लेझरचा मोठा कार्यक्रम होणार होता आणि प्रेक्षकांना वाटायला आयोजकांना चार हजार कीचेन हवी होती, नकली चामड्याची, त्यावर कार्यक्रमाचं नाव कोरलेली. नकली चामडं म्हणजे कापडावर चढवलेलं प्लास्टिकच. अक्षरवाल्यांनी आयोजकांकडून त्याचे गठ्ठे आणले आणि यंत्र सकाळ-संध्याकाळ चालू लागलं.

वास मात्र भयंकर होता. नाकात शिरला की डोळ्यांत पाणीच यायचं. धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा होता, त्याचा पाइप आधी रस्त्याकडे निघालेला. शेजारच्या घड्याळवाल्याने दुसऱ्याच दिवशी तक्रार केली. मग अक्षरवाल्यांनी पाइप फिरवला आणि मागच्या डक्टमध्ये सोडला. डक्ट म्हणजे इमारतीच्या मधोमध वरपर्यंत गेलेली अरुंद पोकळी; चारी बाजूंना भिंती, सगळ्यांच्या न्हाणीघरांचे नळ आणि फारशी न उघडणाऱ्या खिडक्या. तिथे कोण बघायला जातंय!

पण तिथली एक खिडकी उघडी असायची. पहिल्या मजल्यावर पाळणाघर होतं. तीन ते पाच वर्षांची अकरा मुलं. जेवणं झाली की ताई त्यांना आतल्या खोलीत ओळीने झोपवायच्या. ती खोली डक्टच्या बाजूला होती. रस्त्याचा आवाज नको म्हणून मुद्दाम निवडलेली.

एका सकाळी ताई खाली आल्या.

“दादा, दुपारच्या वेळी काही जाळता का हो तुम्ही? मुलं झोपेतून खोकत उठतात. धाकटीचा तर श्वास शिट्टीसारखा वाजतो.”

“मी? छे! हवा बदललीय ना, ताई. आमच्याकडेही खोकला आहेच.”

“तरी दुपारी दोन तास यंत्र बंद ठेवाल का? मुलांच्या झोपेपुरतं?”

“ठेवतो की! त्यात काय एवढं.”

त्या दुपारी अक्षरवाल्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून फटीत जुनी चादर कोंबली आणि यंत्र सुरू केलं.

ते दुष्ट नव्हते. रस्त्यात कोणाचं मूल पडलं तर पहिले धावणारे तेच असायचे. पण काम आठ दिवसांत द्यायचं होतं आणि वरचा खोकला खाली ऐकू येत नव्हता.

डक्टमध्ये बसणारी कबुतरं त्या आठवड्यात दिसेनाशी झाली. बायकोने न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलेल्या रोपट्याची पानं कडेने जळल्यासारखी झाली. तिने ती एकेक करून खुडून टाकली.

त्याच सुमारास बायकोची मावशी राहायला आली. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून तिने तीस वर्षं काढलेली. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, मास्तरांच्या प्रयोगाची मांडामांड करायची. चार वर्षांपूर्वी तिचा मोतीबिंदू निघाला होता, पण आता त्याच डोळ्यापुढे पुन्हा पडदा आला होता. डॉक्टरांनी लेझरने तो पाच मिनिटांत दूर केला.

“जावईबापू, तुमच्या त्या किरणाला माझा नमस्कार सांगा!” दुसऱ्या दिवशी मावशी हसत दुकानात शिरली. “भिंतीवरची पाल काय, पालीची बोटंसुद्धा दिसतात आता.”

अक्षरवाल्यांना भरून आलं. “बघा! मी सांगत होतो ना!” त्यांनी कौतुकाने यंत्राचं झाकण उघडून दाखवलं.

मावशी वाकून बघत राहिली. मग तिचं हसू मावळलं. ज्या पोलादी पट्ट्यांवरून किरणाचं डोकं सरकतं, त्यांवर गंजाचे पापुद्रे धरले होते. आरशांवर धुरकट साय होती. तिने हवा हुंगली.

“हे काय कापता तुम्ही?”

“नकली चामडं. सगळेच कापतात.”

“एक तुकडा द्या. आणि तांब्याची तार आहे का?”

मागच्या खोलीत मावशीने खिडकी सताड उघडली आणि गॅस पेटवला. तारेचं टोक पकडीत धरून तिने ते ज्योतीत लालभडक केलं. आधी ते अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरलं. ज्योत थोडी पिवळी झाली, बस्स. तार पुन्हा जाळून स्वच्छ केली आणि मग तिने ती नकली चामड्याला टेकवली. प्लास्टिकचा एवढासा थेंब चिकटला. तो ज्योतीत जाताच गॅसवर हिरवीगार जीभ उठली!

बायको दोन पावलं मागे सरकली.

“क्लोरीन,” मावशी म्हणाली. “दर वर्षी नववीच्या मुलांना हा प्रयोग दाखवायचो आम्ही. हे जळलं की आम्लाची वाफ निघते. प्रयोगशाळेत बाटलीत भरून ठेवायचो ना, तेच आम्ल, फक्त हवेत. लोखंड खातं ते. जावईबापू, यंत्र विकणाऱ्याने तुम्हाला सांगितलं नव्हतं?”

त्याने सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, बोट नाचवून. पुस्तिकेतही लाल चौकटीत होतं.

“पण पंखा आहे ना, मावशी. धूर बाहेर जातो सगळा.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

“डक्टमध्ये.”

“आणि डक्टमधून?”

“वर. आकाशात. हवेत मिसळून जातो.”

“मिसळायच्या आधी कोणाकडे जातो?”

“मावशी, पोटापाण्याचा प्रश्न आहे! मी नाही कापलं तर दुसरा कापेल. ते लेझर दाखवणारे लोक काही—”

“लेझरचं नाव नका घेऊ!” मावशीचा आवाज चढला. “त्याने माझा डोळा उघडला. डॉक्टरांनी आधी दहा वेळा तपासलं, मग किरण सोडला. त्या किरणाला काय कळतं? समोर जे ठेवाल ते जाळतो तो. काय ठेवायचं, ते तुम्ही ठरवता. तुमच्या लोखंडाची ही दशा झाली, तर हा वास घेणाऱ्या छातीचं काय होत असेल?”

पुढे दुकानात यंत्र चालूच होतं; तार देऊन येताना अक्षरवाल्यांनी झाकण लावून ते पुन्हा सुरू केलं होतं. त्याचा एकसुरी आवाज भिंतीतून येत होता. दुपारचे अडीच वाजले होते.

आणि तेवढ्यात वरून किंकाळी आली!

जिन्यावर धावती पावलं वाजली. ताई पायऱ्या उतरत होत्या, अनवाणी, हातात धाकटी. तीन वर्षांची पोर. मान मागे पडलेली, ओठ निळसर, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता.

“दादा, गाडी! गाडी काढा हो!”

बायकोने धावत जाऊन यंत्राचं बटण बंद केलं आणि मावशीला घेऊन ती वरच्या मुलांपाशी गेली. अक्षरवाल्यांनी गाडी कशी काढली, रस्ता कसा कापला, ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. मागून येणारा तो शिट्टीसारखा श्वास तेवढा आठवत राहिला.

दवाखान्यात मुलीच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला. पोरीची आई कामावरून धावत आली, गळ्यातलं ओळखपत्र तसंच लोंबत होतं. अर्ध्या तासाने श्वास जरा सावकाश झाला. डॉक्टर बाहेर आल्या.

“दम्याचा झटका दिसतोय. औषधं लिहून देते, संध्याकाळी घरी नेता येईल. फक्त एक सांगा, ती कसल्या धुरात वगैरे होती का?”

“नाही हो,” ताई रडत म्हणाल्या. “झोपली होती. खोलीत उदबत्तीसुद्धा लावत नाही मी.”

डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहायला सुरुवात केली.

अक्षरवाले भिंतीला टेकून उभे होते. कोणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. उलट आईने मघाशी त्यांचे हात धरून आभार मानले होते, वेळेवर गाडी काढली म्हणून. गप्प राहिले असते तर ते त्या दिवसाचे देवमाणूस ठरले असते. पेन कागदावर चालत होतं.

“माझ्या,” ते म्हणाले.

“काय?”

“माझ्या धुरात होती ती. मी खाली प्लास्टिक कापतो, लेझरने. त्यातून आम्लाची वाफ निघते. पाइप... पाइप त्यांच्या खिडकीखाली सोडलाय मी. आठ दिवस झाले. ताईंनी बंद ठेवायला सांगितलं होतं. मी नाही ठेवलं.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “मग आज घरी नाही सोडत. आम्लाची वाफ असेल तर आतली सूज मागाहूनही चढते. सिस्टर, पलंग तयार करा. आणि ताई, बाकीच्या दहाही मुलांना तपासायला आणा. आत्ता!”

संध्याकाळी खरोखरच पोरीचा श्वास पुन्हा अडला. पण तेव्हा ती दवाखान्यात होती, उशाला प्राणवायू होता आणि डॉक्टर चार पावलांवर. घरी असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

आईने अक्षरवाल्यांच्या कानशिलात मारली नाही की शिव्या दिल्या नाहीत. तिने फक्त तोंड फिरवलं. ते जास्त लागलं.

चौथ्या दिवशी धाकटी घरी आली. बाकीच्या मुलांपैकी दोघांच्या घशाला सूज होती, औषधाने उतरली. धाकटीच्या दप्तरात मात्र आता श्वासाचं औषध कायमचं असतं. अक्षरवाल्यांनी तोवर पाइप उपटला होता आणि नकली चामड्याचे गठ्ठे आयोजकांना परत नेऊन दिले होते.

“अहो, तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही दुसरीकडे करून घेऊ,” आयोजक म्हणाला. त्याला राग आला नव्हता, आश्चर्य वाटलं होतं इतकंच.

“कुठे?”

“दोन गल्ल्या सोडून. त्यांनी होही म्हटलंय.”

अक्षरवाले घरी आले, जेवायला बसले आणि पुढ्यातलं ताट सरकवून उठले.

“कुठे निघालात?” बायकोने विचारलं.

“दोन गल्ल्या सोडून.”

तिथला माणूस तरुण होता, यंत्र नवं कोरं होतं आणि त्यावर तेच नकली चामडं कापलं जात होतं. शटर अर्धं खाली. अक्षरवाल्यांनी त्याला सगळं सांगितलं, दवाखान्यातल्या त्या श्वासासकट, एकही गोष्ट न लपवता. त्याने ऐकून घेतलं आणि हसला.

“काका, तुमची चूक झाली ती पाइपाची. माझा पाइप बघा, थेट बाहेर काढलाय. माझ्या दुकानात धुराचा कणसुद्धा राहत नाही.”

अक्षरवाले बाहेर आले. पाइपाचं तोंड दुकानाच्या मागच्या बोळात, भिंतीवर उघडत होतं. त्याच्या बरोबर वर एक खिडकी होती आणि खिडकीत वाळत घातलेले लहान कपडे.

“वर कोण राहतं?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही बुवा. भाडेकरू आहेत कोणीतरी.”

“दोन वर्षं दुकान आहे ना तुमचं इथे?”

तरुणाने मान वर केली. आत यंत्र चालू होतं आणि खिडकीतले ते इवलेसे कपडे धुरात हलत होते. कोणाचे आहेत, हे त्याने दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मग तो आत गेला. थोड्या वेळाने यंत्राचा आवाज थांबला.

तो कायमचा थांबला की अक्षरवाले गल्ली ओलांडेपर्यंतच, ते मला माहीत नाही. पण वाचकहो, एवढं मात्र खरं. यंत्रं येत राहणार, दर वर्षी नवी, जास्त वेगवान, आणि त्यांनी आपलं भलंही होणार. त्यांना नावं ठेवून काही साधणार नाही. आपल्या कामाचा धूर आपल्या खोलीतून गेला म्हणजे तो संपला, ही समजूत आधी सोडायला हवी. तो कोणाच्या तरी खोलीत शिरतोच. कोणाच्या, हे विचारणं आपल्यापैकी प्रत्येकाचं काम आहे. आणि उत्तर कळल्यावर, कोणी बघत नसलं तरी, बटण बंद करणं हेही आपलंच काम आहे.