रिंकूच्या भिंतीवरचा 'नकली' बेल्ट

थांबा, त्या रिंकूचं ऐकण्याआधी माझं ऐका. मी बोलतोय, मी! हा इथे भिंतीवर खिळ्याला लटकलेला, मधोमध कापलेला टायमिंग बेल्ट. माझ्याखाली खडूनं 'नकली' लिहिलंय. दिल्ली कँटच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या बाहेर रिंकूचं हे गॅरेज आहे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला बघून तोंड वाकडं करतं आणि विचारतं, "यही है क्या वो?" रिंकू मान हलवतो आणि दुसरीकडे बघतो. नुसता संताप होतो माझा. नकली म्हणे! अहो, माझ्या अंगात काडीची भेसळ नव्हती.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इंजिनात वरून व्हॉल्व्ह खाली येतात, खालून पिस्टन वर येतात. दोघांच्या वेळा ठरलेल्या. वेळ चुकली की दोघं एकमेकांवर आदळतात आणि सगळ्याचा चुराडा होतो. त्या वेळा मी सांभाळायच्या. मला ताणून धरायला शेजारी एक छोटं चाक असतं, त्याला टेन्शनर म्हणतात. मी कितीही दणकट असलो, तरी ते चाक अडकलं की माझं काही खरं नाही.

मला निवडलं हवालदार हणमंतनं. गाव साताऱ्याकडचं, नोकरी फौजेत. बायको वैजयंती आणि वडील मारुतराव, म्हणजे आबा, कँटातल्या क्वार्टरमध्ये त्याच्याबरोबर. आबांना दमा होता. दिल्लीची थंडी आणि धूर सुरू झाला की त्यांचा श्वास कधी कोंडेल याचा नेम नसायचा. आणि नेमकी हणमंतची बदली सरहद्दीवर झाली. म्हणून त्यानं एका साहेबांची जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि वैजयंतीला चालवायला शिकवली. धाप लागली की ती आबांना गाडीत घालून मिलिटरी हॉस्पिटल गाठणार, असं ठरलं.

"गाडीनं दगा देता कामा नये, वैजू. आबांचा जीव आता हिच्यावर आहे," असं तो उठता-बसता म्हणायचा.

गाडीतल्या जुन्या बेल्टला भेगा पडल्या होत्या. रिंकूकडून इंजिन उघडवून तो बेल्ट काढून घेतला आणि खांद्यावर टाकून हणमंतनं पार्ट्सचा बाजार पालथा घातला. काय निवड केली हो पठ्ठ्यानं! नवा बेल्ट जुन्याला लावून दात मोजायचा, रुंदी बघायचा, वर छापलेला नंबर थुंकी लावून अंगठ्यानं घासायचा. एका दुकानात नंबर पुसला गेला, तसा त्यानं तो बेल्ट काउंटरवर आपटला. "फौजी को डुप्लिकेट देता है?" दुकानदार चपापला आणि त्यानं आतून मला काढलं. हणमंतनं मला वाकवलं, हुंगलं, उजेडात धरलं. माझा नंबर काही पुसला जाईना. केवढी ऐट वाटली मला!

दुकानदार म्हणाला, "टेन्शनर भी ले लो साहब, साथ में ही बदलते हैं." पण आधी नकली माल पुढे करणाऱ्याचं कोण ऐकणार? "वो चालू है," म्हणून हणमंत बाहेर पडला आणि पुटपुटला, "गिऱ्हाईक दिसलं की सगळंच गळ्यात मारतात."

चालू वस्तू फेकायची नाही, साफ करायची, ही त्याच्या अंगात मुरलेली शिस्त. रिंकूनं उघड्या इंजिनातून जुनं टेन्शनर काढून दिलं, ते हणमंत घरी घेऊन आला. अंगणात उन्हात पेपर पसरला आणि रायफल साफ करायला बसावं तसा बसला. टूथब्रश घेऊन ते चाक पेट्रोलमध्ये घासघास घासलं. आतलं काळं काळं बाहेर वाहून आलं, तेव्हा गडी खूश झाला. मग फडक्यानं चकचकीत पुसून त्यानं ते बोटानं फिरवलं. गर्रर्र! थांबेचना.

"बघ वैजू, कसलं फिरतंय! नव्याच्या तोंडात मारेल."

"अहो, पण नवंच आणलं असतं तर?"

"हत्यार साफ असलं ना, की दगा देत नाही. बिल्कुल नाही."

खाटेवरून आबा कौतुकानं म्हणाले, "हणमा लहानपणी सायकलपण अशीच धुवायचा."

अरे देवा! ते काळं म्हणजे मळ नव्हता रे. ते वंगण होतं, कारखान्यात आत कोंडून भरलेलं, चाकाच्या जन्मभरासाठी. ते असतं म्हणून चाक जरा जड फिरतं आणि टिकतं. इतकं मोकळं फिरतंय म्हणजे आत काही उरलंच नाही. दुसऱ्या दिवशी रिंकूनं ते न तपासताच बसवलं आणि मला त्याच्यावर चढवलं, तेव्हा मला पेट्रोलचा वास आला. बोंबलावंसं वाटलं, पण मला तोंड कुठलं? सरहद्दीवर निघताना हणमंतनं बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "सांभाळ रे."

तो गेल्यावर थोड्याच दिवसांनी एका सकाळी धुरानं समोरचं दिसत नव्हतं. आबांचा श्वास कोंडला, ओठ निळे पडले. वैजयंतीनं त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी दामटली. "आबा, आलंच हॉस्पिटल. धीर धरा." फ्लायओव्हरच्या चढावर ते चाक किंचाळायला लागलं. आतल्या कोरड्या गोळ्या एकमेकींना खात सुटल्या आणि ते जागच्या जागी अडकलं. मी त्याच्यावरून घासत राहिलो. माझी पाठ जळाली, धूर निघाला, दात उपटले गेले. तरी मी धरून होतो. आईशप्पथ सांगतो, धरून होतो! मग ताडकन तुटलो. धाड, धाड, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले. लोखंडानं लोखंड फोडलं आणि गाडी भर रस्त्यात मेली.

मागून टेम्पो येऊन धडकला. आबांचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं आणि रक्ताची धार लागली. टेम्पोवाला लोखंडी रॉड घेऊन उतरला. "गाडी चलानी नहीं आती तो घर बैठ!" एका फटक्यात समोरची काच फुटली. दुसरा फटका आबांच्या दिशेनं आला, तो वैजयंतीनं हातावर घेतला. हाड मोडलं. तरी ती ओरडली, "मुझे बाद में मार! पहले इनको हॉस्पिटल पहुँचा!" त्यानं आबांचा चेहरा बघितला, रॉड टाकला आणि तो पळाला. लोकांनी आबांना रिक्षात घातलं. हॉस्पिटलच्या दारातच ते गेले.

हणमंत धावत आला, त्यानं अग्नी दिला आणि तो अस्थी घेऊन हरिद्वारला गेला. तो तिकडे असताना वैजयंती हाताच्या प्लास्टरसकट रिंकूकडे आली. रिंकूनं ओढून आणलेल्या गाडीचं इंजिन तिच्यासमोर उघडलं. जळून निळं पडलेलं चाक बघून तो म्हणाला, "भाभीजी, बेल्ट तो असली था. इसकी ग्रीस किसने धो दी?"

तिच्या डोळ्यांपुढे ते अंगण आलं असणार.

"रिंकू भैया, साहब को बोलना, बेल्ट नकली था."

"झूठ बोलूँ?"

"पिताजी उन्हीं के हाथ से गए, ये बोलोगे? बोल सकते हो?"

रिंकूनं चाक काढून तिच्या हातात ठेवलं. ते चाक तिनं स्वतः नेऊन मागच्या नाल्यात फेकलं.

दुसऱ्या दिवशी हणमंत आला, डोकं भादरलेला, डोळे तांबारलेले. रिंकूनं खाली बघतच सांगितलं. हणमंतनं मला उचललं आणि खांबावर फटाफट आपटायला लागला. "हरामखोरा! निवडून आणला होता तुला!" मग सुरा काढून त्यानं मला कापलं. तेवढ्यानं भागलं नाही. मोठा पाना उचलून तो दाराकडे निघाला. "त्या दुकानदाराची खोपडी फोडतो."

वैजयंती दारात आडवी झाली. "अहो, मला एकटीला टाकून जेलात जाणार? आबा परत येणारेत का?"

त्यानं तिला ढकललं. मोडका हात चौकटीवर आदळला आणि ती कळवळून किंचाळली. तेव्हा कुठे तो भानावर आला. पाना हातातून पडला आणि तो तिथेच जमिनीवर बसून रडायला लागला. "वैजू, मी सगळं नीट बघून घेतलं होतं गं. काही कमी ठेवलं नव्हतं."

"नव्हतंच ठेवलं," ती म्हणाली.

जाण्याआधी त्यानंच माझा अर्धा तुकडा इथे ठोकला आणि खाली लिहिलं. "बाकीच्यांचे बाप तरी वाचू देत," म्हणाला. तेव्हापासून रिंकू बेल्टबरोबर टेन्शनर बदलल्याशिवाय गाडी सोडत नाही. गिऱ्हाईक कितीही भांडो. तुमची गाडी जुनी असेल तर तुम्हीही एवढं करा, आणि ते चाक कधी धुऊ नका.

परवा हणमंत सुट्टीवर आला होता. माझ्यासमोर उभा राहिला आणि काय मनात आलं कोण जाणे, थुंकी लावून माझा नंबर अंगठ्यानं घासायला लागला. रिंकूच्या हातातला स्पॅनर थांबला. माझी तर गाळण उडाली. जन्मभर ज्या नंबराची ऐट मिरवली, तो आज पुसला जाऊ दे, असं मी देवाला विनवत होतो. अंगावर इथल्या धुराचा आणि तेलाचा थर होता, तो अंगठ्याला लागला. काळा अंगठा बघून तो म्हणाला, "गेला पुसून. नकलीच साला."

थराखाली माझा नंबर जसाच्या तसा होता. पण मी म्हटलं, होय रे बाबा, नकलीच. तुम्हाला हणमंत कधी भेटला, तर तुम्हीही त्याला तेच सांगा.