तीन मिलिमीटर

माझ्या अंगावर शून्य नाही, मित्रांनो. दुकानातून आले तेव्हा होतं. पंधरा सेंटिमीटरची, काचेसारखी स्वच्छ मापपट्टी होते मी, आणि माझं शून्य अगदी डाव्या काठावर होतं. आज माझी मोजणी तीन मिलिमीटरपासून सुरू होते. एवढ्याशा तुकड्याने काय घडलं ते सांगून माझं मन हलकं होईल, अशी आशा मला नाही. पण तुमच्यापैकी कुणीतरी उद्या हातात पट्टी धरणार आहे, म्हणून सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात गेलं, थंड झालं, अंगावर काळ्या रेघा उमटल्या आणि मी बाराजणींच्या खोक्यात जाऊन पडले. त्या खोक्यातून एका परिचारिकेने आम्हा दोघींना उचललं. मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला. दुकानदाराने विचारलं, "मुलांच्या शाळेसाठी का?" ती हसून म्हणाली, "माझ्याच शाळेसाठी."

खरंच होतं ते. चाळिशी ओलांडलेली ही बाई सोळा वर्षं रुग्णालयात काम करून पुन्हा शिकायला लागली होती. सकाळी ड्यूटी, दुपारी वर्ग. वर्गातल्या निम्म्या वयाच्या मुली तिला 'आजीबाई' म्हणत आणि तीही खुशाल ओ देई. रुग्णालयात तिला सगळे सिस्टर म्हणायचे. मीही तेच म्हणेन.

सिस्टरच्या मनात एक प्रश्न कित्येक वर्षं ठाण मांडून बसला होता. जे रुग्ण महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून असतात, त्यांना पाठीवर, माकडहाडावर जखमा होतात. एकाच कुशीवर पडून राहिलं की हाडाच्या जागी कातडी दबते, तिथे रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. उपाय सगळ्यांना पाठ आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची. पण चाळीस खाटांना दोन परिचारिका असतील तर बदलणार कोण? आणि नातेवाइकांना तर संध्याकाळचा एक तास सोडला तर आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. सिस्टरला वाटायचं, प्रत्येक रुग्णाच्या एका माणसाला नीट शिकवलं, दिवसभर जवळ बसू दिलं, तर जखमा लवकर भरतील.

"वाटतं ना? मग ते अजून गृहीतक आहे," तिला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "ते खरं की खोटं, ते मोजून ठरेल. आणि त्याआधी सांगा, तुमच्या विचाराला चौकट कुठली?"

"चौकट कशाला मॅडम? सरळ कामालाच लागते की."

"चौकटीशिवाय भिंत फोडली तर खिडकी होत नाही, नुसतं भोक पडतं."

त्या दुपारी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून सिस्टरने आपली चौकट लिहिली. माझीच कड धरून तिने कागदावर चौकोन आखला आणि आत लिहिलं: माणूस आपली काळजी आपण घेतो. जिथे त्याचं बळ संपतं तिथे दुसऱ्याचे हात लागतात. ते हात नर्सचेच हवेत असं नाही, पण शिकलेले हवेत. मॅडमनी तीनदा वाचलं आणि नुसती मान हलवली. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे खूप होतं.

मेट्रनबाईंनी मात्र कपाळाला आठी घातली. वॉर्डात माणसांची जत्रा भरेल, अशी त्यांना धास्ती. शेवटी त्या म्हणाल्या, "एका वॉर्डात, दहा आठवडे. आकडे दाखवा, मग पुढचं बघू. नाही दाखवलेत तर पहिल्यासारखं."

असं काम सुरू झालं. पहिल्या वॉर्डात नातेवाइकांना शिकवायचं, दुसऱ्यात नेहमीसारखंच चालू द्यायचं आणि दोन्हींची तुलना करायची. जो शिकवतो त्याला आपलंच काम गोड दिसतं, म्हणून जखमा सिस्टरने स्वतः मोजायच्या नाहीत, असं मॅडमनी बजावलं. मोजायला सिस्टरची मैत्रीण तयार झाली. तीही परिचारिकाच, बोलायला फटकळ, पण हात लोण्यासारखा मऊ. एका वॉर्डाचे जंतू दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून मी पहिल्या वॉर्डाची झाले आणि माझी बहीण दुसऱ्याची. पहिल्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघींना शेजारी ठेवून रेघ न् रेघ ताडून पाहिली. "दोघी एकच बोलतात," त्या म्हणाल्या. मोजणी संपेपर्यंत पुन्हा कुणी आम्हाला असं शेजारी ठेवलं नाही.

पहिल्या वॉर्डात खिडकीजवळ शिंपीकाका होते. कमरेखालचं अंग लुळं पडलेलं, माकडहाडावर बत्तीस मिलिमीटरची जखम. सिस्टर संमतीपत्र घेऊन आली तेव्हा त्यांनी चष्मा मागून घेतला आणि सगळा कागद वाचला.

"मध्येच नको वाटलं तर?"

"तर नको म्हणायचं, काका. औषधपाणी आहे तसंच चालू राहील."

"मग करतो सही. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली, आता माझं घ्या. जरा सैल धरा म्हणजे झालं."

त्यांची मुलगी एका छापखान्यात कामाला होती. तिने रजा टाकली. पहिल्या दिवशी वडिलांना कुशीवर वळवताना ती त्यांना दंडाला धरून ओढू लागली. सिस्टर तिच्या हातांवर हात ठेवून शिकवायची. एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली, ओढायचं नाही, उचलायचं. आठवड्याभरात पोरगी तयार झाली. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिचा एक डोळा कायम असायचा. काका म्हणायचे, "हिच्या आईने पोळी तव्यावर कधी एवढी वेळेवर उलटली नाही."

मित्रांनो, ते सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सोन्याचे. दर सोमवारी स्पिरिटने माझं अंग पुसलं जायचं, मी जखमेजवळ टेकायचे आणि दर वेळी थोडी कमी रेघ सांगायचे. बत्तीस. एकतीस. तीस. काकांची मुलगी श्वास रोखून विचारायची, "किती?" मैत्रीण आकडा सांगायची आणि पोरीच्या चेहऱ्यावर हसू उमलायचं.

सहाव्या सोमवारी, मोजणी उरकल्यावर, मी ट्रेवरून घरंगळले आणि औषधांच्या गाडीच्या चाकाखाली आले. माझा डावा काठ तुटला. मला उचललं ते वॉर्डातल्या मामांनी. मामा तीस वर्षं तिथे झाडलोट करत होते. त्यांनी काठावर बोट फिरवलं. तुटलेलं प्लास्टिक सुरीसारखं लागलं. कुणा रुग्णाला बोचेल, या काळजीने ते मला घेऊन जिन्यात बसले आणि पायरीच्या दगडावर माझा काठ घासत राहिले, अगदी गुळगुळीत होईपर्यंत. मग धुऊन, पुसून त्यांनी मला ट्रेमध्ये जागच्या जागी ठेवलं. एवढ्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं. त्या मायेत माझं शून्य गेलं.

सातव्या सोमवारी काकांची जखम अठ्ठावीस होती. मी एकतीस सांगितलं.

"वाढली?" मुलीने विचारलं.

मैत्रीण गोंधळली. पुन्हा मोजलं. मी पुन्हा एकतीसच सांगितलं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. स्पिरिटने माझे आकडे आधीच पुसट झाले होते आणि काठ इतका सफाईने घासलेला, की मी अशीच जन्मले असेन असं वाटावं. शिवाय मोजणारा माणूस जखम जिथे संपते ती रेघ बघतो. जिथे सुरू होते तिकडे बघतो कोण?

एकाच माणसाने बघितलं. आठव्या सोमवारी काका कुशीवर होते आणि मी त्यांच्या तोंडासमोर ट्रेमध्ये पडले होते. बराच वेळ ते माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. मग मोजायला आलेल्या मैत्रिणीला म्हणाले, "सिस्टर, या पट्टीचं टोक कुणीतरी खाल्लंय. टोक झिजलेल्या टेपने कापड बेतलं की शर्ट आखूड होतो."

आदल्या दिवसापासून त्यांच्या अंगात ताप होता, कधी कधी ते असंबद्ध बोलायचे. मैत्रीण त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "हो काका, आपण नवा शर्ट शिवू हं." आणि मला उचलून पुढच्या खाटेकडे गेली.

एवढ्या जवळ आलेलं सत्य असं निघून गेलं. मी रोज वाट बघितली, काका पुन्हा बोलतील म्हणून. ते बोलले नाहीत. मुलीचं मात्र हसू आटलं. ती दोन तासांऐवजी दीड तासाने कूस बदलू लागली. एकदा मी तिला स्वतःच्या हातांकडे बघताना पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

दहा आठवडे संपले. शिकवलेल्या वॉर्डात जखमा सरासरी चार मिलिमीटरने भरल्या होत्या आणि न शिकवलेल्या वॉर्डातही चारनेच. फरक काहीच नाही. सिस्टर कागद समोर घेऊन बसली. मैत्रिणीने दार लोटून घेतलं.

"ऐक माझं. जखमा भरतायत हे तुला दिसतंय, मला दिसतंय. दोन-तीन आकडे इकडचे तिकडे कर. कोण विचारतंय?"

"कुणीच नाही."

"मग?"

"मग दिसतं तेच लिहायचं होतं तर मोजलं कशाला?" सिस्टर म्हणाली. "माझी इच्छा आहे म्हणून मला भरलेल्या दिसत असतील. मी आकड्यांना हात लावणार नाही."

तिने खरं तेच लिहिलं. निदान तिला तरी ते खरंच वाटत होतं. मेट्रनबाईंनी अहवाल वाचला, मिटला आणि सोमवारपासून परवानगी बंद केली. काकांची मुलगी वॉर्डाच्या दारात सिस्टरचा हात धरून उभी राहिली. "मला राहू द्या. माझ्याकडून काही चुकत असेल तर पुन्हा शिकवा. मी नीट करीन." सिस्टरला तिच्याकडे बघवेना. ती एवढंच म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही." पण हातात आकडे असताना त्या शब्दांवर पोरीने विश्वास ठेवावा तरी कसा?

पुढे दोन परिचारिका आणि चाळीस खाटा. काकांची कूस दिवसातून दोनदा बदलली जायची, कधी एकदाच. भरत आलेली जखम पुन्हा उघडली, काळी पडली, तिचं विष रक्तात गेलं. अठराव्या दिवशी दुपारी काका गेले. मुलगी संध्याकाळच्या तासाला आली तेव्हा खाटेवर नवी चादर घातलेली होती.

त्यानंतर आठवड्याने सिस्टर मॅडमच्या खोलीत सगळं सामान परत करायला गेली. कागद, सह्या, आम्ही दोघी. तिने आम्हाला टेबलावर एकीशेजारी एक ठेवलं. डावे काठ जुळवले आणि तिचा हात थांबला. माझी दहाची रेघ बहिणीच्या दहाच्या रेघेशी जुळत नव्हती.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "दर आठवड्याला ताडायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी सांगायला हवं होतं. वर्गात हेच शिकवते मी."

"तीन वजा केले तर?" सिस्टरने विचारलं.

"कधीपासूनचे? तुटली कधी, कळल्याशिवाय एकही आकडा सुधारता येणार नाही."

सिस्टर वॉर्डात खाटेखाटेपाशी विचारत फिरली. मामांनी मला तिच्या हातात बघितलं आणि स्वतःच पुढे आले. "मीच घासली. काकांना बोचू नये म्हणून. गाडीचं चाक बदलायला दिलं ना, त्या सोमवारी, मोजून झाल्यावर." दुरुस्तीच्या वहीत तारीख सापडली. "काही चुकलं का सिस्टर?" त्यांनी विचारलं. सिस्टरने त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं, कारण लपवून ठेवणं तिला जमलं नसतं. मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आकडे सुधारले. शिकवलेल्या वॉर्डात सात, न शिकवलेल्यात चार. सिस्टरने नव्या अहवालाच्या पहिल्याच पानावर माझी चूक आणि स्वतःची चूक लिहिली. मेट्रनबाईंनी या वेळी अहवाल मिटला नाही. "पुन्हा करा," त्या म्हणाल्या, "तीन महिने. नातेवाईक आत येऊ देत. आणि पट्ट्या रोज ताडा." जे काकांच्या हयातीत मिळायला हवं होतं, ते आता मिळालं.

सिस्टर मला पर्समध्ये घालून काकांच्या घरी गेली. मुलगी काकांच्या शिलाईच्या यंत्रावर धूळ बसू नये म्हणून कापड घालत होती. सिस्टरने पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. सातव्या आठवड्यात जखम वाढली नव्हती, कमी झाली होती. शेवटी ती पंचवीसवर आली होती. तुझ्या हातांनी.

मुलीने कापड तसंच अर्धवट सोडलं. "म्हणजे भरत होती?"

"भरत होती."

"मला वाटायचं, मीच जोरात ओढते. मीच फाडते." मग मान वर करून तिने विचारलं, "कुणी मोडली ती पट्टी?"

सिस्टरने मामांचं नाव घेतलं नाही. "माझ्या कामात मोडली," ती म्हणाली, "आणि मी बघितलं नाही."

मुलगी रडली नाही की रागावली नाही. तिने फक्त हात पुढे केला आणि मला मागून घेतलं. माझ्या गुळगुळीत काठावरून तिचा अंगठा पुन्हा पुन्हा फिरत राहिला. मग तिने मला परत दिलं आणि यंत्रावरचं कापड पुन्हा नीट केलं.

मित्रांनो, आम्ही मापं खोटं बोलत नाही, पण आमचं काही तुटलं तर ते सांगायला आम्हाला वाचा नाही. म्हणून आमच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. पट्टी असो, तराजू असो, तापमापक असो, वापरण्याआधी दुसऱ्याशी ताडून बघा. काल बघितलं होतं म्हणून आज सोडू नका. आणि अंथरुणावरचं माणूस काही सांगू लागलं, तर तापाच्या भरात बोलतंय म्हणून पुढच्या खाटेकडे जाऊ नका. एवढं एकदा ऐका.