शटरच्या कुलपाला आलेला संशय

मित्रांनो, शिंपीकाकांच्या दुकानाच्या शटरला लटकलेलं जुनं पितळी कुलूप म्हणजे मी. संशय घेणं ही माझी नोकरीच! वाऱ्यानं शटर वाजलं तरी मला चोर दिसतो.

कारखान्यात मला ठोकून-ठाकून तपासलं गेलं, मग काकांनी मला आणलं. ते रोज सकाळी शीळ घालत किल्ली फिरवत. "याच्या जिवावर मी निवांत झोपतो," असं गिऱ्हाइकांना सांगत. मला केवढा अभिमान वाटे!

मग काकांचं काहीतरी बिनसलं. शीळ थांबली, दाढी वाढली, सदरा अंगावर लोंबायला लागला. किल्ली माझ्यात घालायचे आणि न फिरवताच काढायचे. मग शेजारच्या जिन्यात संध्याकाळपर्यंत बसून राहायचे. घरच्यांना वाटे दुकानात आहेत, गिऱ्हाइकांना वाटे घरी आहेत. मला वेगळाच वास आला. दुकान विकायला काढलं असणार! नाहीतर आळस चढलाय.

काकूंनाही संशय आलाच. एका दुपारी त्या येऊन थडकल्या, तर काका जिन्यात बसलेले. "दुकान बंद? मग रोज जाता कुठे? खरं सांगा, कोण आहे ती?"

"कोणी नाही गं," काका जिन्यातून म्हणाले. "किल्ली फिरवायचीही ताकद नाही. झोप नाही, भूक नाही. कशातच मन लागत नाही. वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं."

काकू त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. "जीव द्यायचा विचार येतो?"

"येतो."

आणि मी याला आळस म्हणत होतो!

काकूंनी त्यांना एकटं सोडलं नाही, तडक डॉक्टरांकडे नेलं. हा आळस नव्हे, नैराश्य नावाचा आजार आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्याचं मी नंतर काकूंच्या तोंडून ऐकलं. गोळ्या दिल्या, समुपदेशकाकडे पाठवलं. मला काही पटेना. गोळ्यांनी गुंगवून ठेवणार! आणि नुसतं बोलून कुणी बरं होतं होय?

पहिल्या काही दिवसांत फरक पडेना, तेव्हा काकाही वैतागले. "सोडतो औषध."

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही," काकू म्हणाल्या. "गुण यायला काही आठवडे लागतात, सांगितलंय ना त्यांनी?"

हळूहळू काकांना झोप यायला लागली, भूक लागायला लागली. एके दिवशी किल्ली फिरली.

आता दुकान बंद करताना काकू विचारतात, "आज तो विचार आला?" विचारल्यानं उलट तो डोक्यात शिरेल, अशी मला धास्ती होती. तसं काही झालं नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, आपलं माणूस बदललेलं दिसलं तर माझ्यासारखे तर्क लढवत लटकू नका. थेट विचारा, डॉक्टरांकडे न्या.

काल काका म्हणाले, "आला होता, थोडा. पण तू विचारणार हे माहीत होतं, म्हणून थांबलो."

काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला, आणि दोघं घरी न जाता डॉक्टरांकडे निघाले.