डोंगर कुठे जात नाही

फोनवर जपानी बोलायचं असलं की दमयंती आधी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. समोर माणूस असला तर हातवारे करता येतात, हसून वेळ मारून नेता येते. फोनवर सगळा भार जिभेवर. आणि तिची जीभ पुण्याची, वर्षभरापूर्वी नागोयाला आलेली, वॉर्ड ऑफिसच्या फुकटच्या वर्गात आठवड्यातून दोनदा वळवून घेतलेली. तरीही त्र्याण्णव सालच्या मार्चमध्ये तिने धीर करून तो पहिला फोन लावला.

पलीकडे हिदाच्या डोंगरातल्या एका घरगुती हॉटेलची मालकीण होती. अशा मालकिणीला तिकडे ओकामी म्हणतात. आवाजावरून सत्तरीची असावी.

"आम्ही तिघं येणार आहोत," दमयंती म्हणाली. "नवऱ्याला सगळं चालतं. मला आणि मुलीला मासा चालत नाही."

"बरं. मग मांस करते."

"मांसही नको."

"असू दे. भाज्या आणि मिसोचं सूप देते."

"सुपात माशाचं पाणी असतं ना? तेही नको."

पलीकडे इतका वेळ शांतता पसरली की दमयंतीला वाटलं फोन कट झाला.

"मग मी तुम्हाला देऊ तरी काय?" ओकामीने अगदी मनापासून विचारलं.

"पोटभर भात द्या आणि डोंगर दाखवा."

म्हातारी खो खो हसली, आणि दमयंतीला वाटलं, या देशात आपल्याला कुणीतरी ओळखलं.

डोंगराचं वेड तिला नागोयातल्या नवव्या मजल्यावरच्या घराच्या गॅलरीने लावलं होतं. थंडीत सकाळी कपडे वाळत घालताना उत्तरेला, गिरण्यांच्या धुराड्यांच्या पलीकडे, एक पांढरी रेघ दिसायची. दहा वाजले की पुसली जायची. नवऱ्याला, उल्हासला, ती कधी दिसली नाही, कारण तो सातलाच कारखान्यात जायचा आणि रविवारी दहापर्यंत झोपायचा. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो दोन वर्षांसाठी आला होता. चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये परत पुण्याला. दमयंतीचं मागणं एवढंच होतं, की जाण्याआधी एकदा त्या रेघेपाशी जाऊन उभं राहायचं.

तिने सगळी आखणी केली. गाडी कुठली, खिडकी कुठल्या बाजूची, ताकायामाहून बस कुठे लागते, डोंगरावर नेणारी दोरीवरची गाडी वाऱ्याने बंद पडली तर काय करायचं. वसंतात वर बर्फ आणि खाली फुलं, उन्हाळ्यात हिरवी गर्दी, शरदात लाल रान, थंडीत नुसतं पांढरं. कुठलाही ऋतू तिला चालणार होता. चालत नव्हता तो उल्हासला.

एप्रिलमध्ये ऑफिसात नवीन पोरं भरती होतात, अशा वेळी रजा मागणं शोभत नाही, असं तो म्हणाला. ऑगस्टमध्ये तर अख्खा कारखाना आठवडाभर बंद. तेव्हा नव्या मशीनवर लक्ष ठेवायला कुणी थांबेल का, असं साहेबाने विचारलं, आणि सगळे मूग गिळून बसलेले असताना यानेच हात वर केला. घरी येऊन हे त्याने पराक्रम केल्यासारखं सांगितलं. वर म्हणाला, "तसाही यंदा पाऊसच पाऊस आहे. डोंगर दिसणार नाहीत. आणि डोंगर काय पळून चाललाय का?"

दोन्ही वेळा बुकिंग रद्द करायचा फोन दमयंतीनेच केला. इकडे लोक फोनवरसुद्धा वाकून माफी मागतात. तीही फ्रिजसमोर उभी राहून कमरेत वाकली. लाजेने कानशिलं तापली होती. ओकामी दोन्ही वेळा तेच म्हणाली, "असू दे हो. डोंगर कुठे जात नाही."

तीच गोष्ट नवरा म्हणाला तेव्हा अंगाला झोंबली होती आणि म्हातारी म्हणाली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. डोंगर जात नाही हे दोघांचंही खरं होतं. जाणार होती ती दमयंती.

सप्टेंबर संपता संपता मात्र एक नवल घडलं. जेवण झाल्यावर उल्हास टीव्ही न लावता तिच्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "अगं, ती तुझी ताकायामाची बस कुठून सुटते?"

दमयंतीने सांगितलं. त्याने आणखी विचारलं. वाटेत जेवायला कुठे थांबायचं, दोरीची गाडी शेवटची किती वाजता, ते हॉटेल मोठं आहे का. चहा गार झाला तरी तो विचारत होता आणि ती सांगत होती. दीड वर्षात हा माणूस तिच्याशी इतका वेळ बोलला नव्हता. आठ वर्षांची नुपूर मध्येच "कधी जायचं?" असं जपानीत विचारून गेली, तेव्हा त्याने नुसतं हसून तिच्या डोक्यावर थापटलं. दुसऱ्या दिवशी दमयंतीने लाल लोकर आणली आणि पोरीची कानटोपी विणायला घेतली.

टोपी पुरी झाली त्याच आठवड्यात, दुपारी, फोन वाजला. ओकामी होती. बापट हे आडनाव तिच्या जिभेवर बापातो व्हायचं.

"बापातो-सान, शेवटी येताय म्हणायचं. ऑफिसातून एका मुलाचा फोन आला होता. याच नावाने बारा जण. तुमचं नाव ऐकलं आणि नंबर मीच लावला. अकरा जणांना नेहमीचं जेवण आणि तुम्हाला कोंबूचं, बरोबर ना? समुद्रातली ती पानं आणि वाळवलेले मशरूम घालून मी सूप करून पाहिलंय. माशाची आठवणसुद्धा होत नाही. फक्त बाराही जण मोठेच आहेत म्हणाला तो. मग मुलगी कुठे राहणार?"

दमयंतीला आधी काही समजलं नाही. मग एकदम सगळं समजलं. ती बस, ती दोरीची गाडी, तो गार झालेला चहा. तळपायाची आग मस्तकात गेली आणि तरी तोंडातून मऊ, वळवलेली जपानीच बाहेर आली.

"मी येत नाहीये. ते माझ्या नवऱ्याच्या ऑफिसचे लोक आहेत. बाराही जणांना मासा चालतो."

"असं का," म्हातारी म्हणाली. मग म्हणाली, "मशरूम मी उन्हाळ्यातच वाळवून ठेवले होते."

फोन ठेवल्यावर दमयंतीने तो पुन्हा उचलला. बुकिंग रद्द करायला तिला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य तिला दोनदा म्हणून पाठ झालं होतं. बारा जणांना ऐन हंगामात रस्त्यावर उभं करायचं, आणि उल्हासला त्यांच्यापुढे कमरेतून वाकवायचं. तिने नंबर अर्धा फिरवला आणि फोन खाली ठेवला. त्या म्हातारीने काय पाप केलं होतं?

संध्याकाळी उल्हास आला तेव्हा ती पोळ्या करत होती. तिने तवा गॅसवरून उतरवून लांब ठेवला. गरम तवा हाताशी असताना बोलणं धोक्याचं होतं.

"ओकामीचा फोन होता. बारा जणांसाठी."

उल्हास हसला. पकडलं गेल्याचं नाही, सुटल्याचं हसू. "बरं झालं, तूच बोललीस. अगं, आमच्या डिपार्टमेंटची ट्रिप असते दरवर्षी. यंदा मला कांजी केलंय. म्हणजे सगळी व्यवस्था बघणारा. नवीन माणसाच्याच गळ्यात घालतात. मला इथलं काय माहीत? तुझा प्लॅन तयार होता."

"माझा प्लॅन आपल्यासाठी होता."

"तो आहेच ना. पण साहेब काय खूश झाला माहितीये? म्हणाला, बापट-सान, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त जपान माहीत आहे."

"मग तुम्ही काय सांगितलंत? बायकोने केलं म्हणून?"

"ऑफिसात बायकांचे विषय काढत नाहीत गं."

"आणि आपण कधी जाणार?"

"जाऊ की. वसंतात."

"वसंतात आपण पुण्यात असू."

हे मात्र त्याच्या खरंच लक्षात नव्हतं. चेहऱ्यावरून कळत होतं, आणि त्याचाच दमयंतीला सगळ्यात जास्त राग आला. फसवलं असतं तर निदान तिचा विचार तरी केला असता. इथे ती हिशेबातच नव्हती.

"मी फोटो काढून आणतो," तो म्हणाला. "अगदी भरपूर."

तो गेला. जाताना नुपूरची लाल टोपी खुंटीवर पाहिली तेव्हा त्याला काय वाटलं, कोण जाणे. दोन दिवसांनी परत आला तो नाक लाल करून, खुशीत. फोटो धुऊन आले. पट्ट्यापट्ट्यांचे कापडी झगे घातलेले बारा पुरुष, हातात बिअर, चेहरे टोमॅटोसारखे. दोनचार फोटोंत मागे लाल रान होतं. एकात पांढरं शिखर होतं आणि त्यावर उल्हासचा अंगठा.

"तुझ्यासाठी म्हणून डोंगराचे वेगळे काढले," तो म्हणाला. "खरं सांगू, एवढं काही नाहीये. थंडी मरणाची. तू काही विशेष हुकवलं नाहीस."

दमयंतीने फोटो पाकिटात घातले आणि धुणं वाळत घालायला गॅलरीत गेली. त्या दिवशी तिने उल्हासचे शर्ट पिळून पिळून बोळे केले आणि तसेच दोरीवर टाकले.

रविवारी सकाळी पुन्हा फोन आला. उल्हास सोफ्यावर कॅमेरा पुसत बसला होता. दमयंतीने या वेळी दार लावलं नाही.

"सगळे नीट पोचले ना?" ओकामीने विचारलं. "आणि लोणचं कसं झालं?"

"कुठलं लोणचं?"

"लाल सलगमाचं. आमच्याकडचं खास. त्यात माशाचा थेंब नाही, मी वेगळं मुरवलं, फक्त तुमच्यासाठी. आणि ते मशरूमही होते, सूप करायला. तुमच्या यजमानांच्या हातात दिलं मी. दोन्ही हातांनी दिलं. म्हटलं, ओकुसानला द्या."

ओकुसान म्हणजे बायको. दीड वर्षात उल्हासला जे पंधरावीस शब्द येत होते त्यांत हा होता. दमयंतीने रिसीव्हरवर तळवा ठेवला.

"त्यांनी माझ्यासाठी काही दिलं होतं?"

"कोणी? हां, ते होय." तो भिंगावर फुंकर मारत होता. "शेजारच्या सेक्शनला काहीतरी न्यायला लागतं गं. ट्रिपला गेलं की मागे राहिलेल्यांसाठी खाऊ आणायचा, ओमियागे, त्यांचा नियमच आहे. आणि ते बघणं कांजीचं काम. मी गडबडीत विसरलो. मग तेच वाटून टाकलं. फार आवडलं हो सगळ्यांना."

"ते माझं होतं."

"अगं, लोणचंच तर होतं. स्टेशनवर मिळतं, आणून देतो."

मराठीत जे होतं ते सगळं त्याच्यावर खर्चून काही उपयोग नव्हता. तिने तळवा काढला.

"ओकामी-सान, लोणचं माझ्यापर्यंत पोचलं नाही. त्यांनी ते ऑफिसात वाटून टाकलं."

मग म्हातारीचा आवाज आला, नेहमीपेक्षा कोरडा.

"बर्फ पडला की या. रस्ता आमच्यापर्यंत साफ असतो. मी ताजं काढून ठेवते. बुकिंग करू का?"

"करा. जानेवारीत. मुलीच्या शाळेला सुट्टी आहे तेव्हाच, अगदी पहिल्या आठवड्यात."

नुपूर आतून धावत आली. तिला जपानी सगळं समजत होतं. ती खुंटीवरची टोपी काढून घालूनच उभी राहिली. ते बघून उल्हासलाही अंदाज आला. कॅमेरा बाजूला ठेवून तो उठला, आणि त्याचा चेहरा खरोखरच उजळला होता.

"जानेवारी ना? जमवतो मी. नक्की. सांग, तिघं सांग," म्हणत त्याने हवेत तीन बोटं वर केली.

"किती जण?" ओकामीने विचारलं.

दमयंतीने नवऱ्याकडे बघितलं. तो हसत होता. आपल्याला घेतलंच जाणार याबद्दल त्याच्या मनात काडीची शंका नव्हती.

"फुतारी," ती म्हणाली.

माणसं मोजायचे आकडे उल्हासला येत होते. एक, दोन, तीन, कारखान्यात रोज लागायचे.

"दोघी," ओकामीने खात्री करून घेतली. "आणि मासा?"

"दोघींनाही चालत नाही," दमयंती म्हणाली आणि फ्रिजसमोर कमरेत वाकून तिने म्हातारीचे आभार मानले. ती सरळ झाली तेव्हा उल्हासची तीन बोटं अजून वरच होती.