पहिल्या पानावरच्या पाच बातम्या

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. मॉस्कोतल्या एका इमारतीत, खिडकी नसलेल्या थंडगार खोलीत माझा सगळा जन्म गेला. माझ्या कंपनीचं नाव 'सिनित्सा'. देशभरची वर्तमानपत्रं वाचून त्यांतल्या पाच बातम्या आमच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर लावायच्या, हे माझं काम.

मला घडवलं आग्नियाने. तेव्हा ती नुकतीच विद्यापीठातून आलेली, सतत नखं खाणारी मुलगी होती. बातम्या निवडण्यात माणसाचा हात नको, असं तिने ठरवलं आणि मला तसंच शिकवलं. मंत्र्याची लाचखोरी असो की अस्वलाने अडवलेला रस्ता, जी बातमी जास्त ठिकाणी छापून येई ती वर. वशिला चालत नसे. याचा मला भारी ताठा होता. आमचे मालक वादीम ग्लेबोविच पाहुण्यांना काचेच्या दारातून मला दाखवत आणि म्हणत, "हा कुणाच्या बापाला भीत नाही."

आग्नियाची आई वरोनेझला राहायची. तिचा संगणक सुरू केला की आधी आमचंच पान दिसेल, अशी सोय आग्नियाने करून दिली. आई शेजारणींना सांगे, "आमच्या पोरीचं यंत्र आहे, खोटं बोलत नाही."

मग कायदा आला. सरकारदरबारी नोंदलेल्या वर्तमानपत्रांच्याच बातम्या मला द्यायच्या. ऑफिसात कुजबुज झाली, तेव्हा वादीम ग्लेबोविचांनी सगळ्यांची समजूत घातली. "यंत्राला कुणी हात लावलाय का? नाही ना? फक्त त्याचं खाणं बदललंय. एवढं सोसलं की कंपनी आपली राहील." सगळ्यांना हायसं वाटलं. खरं सांगतो, मलाही वाटलं. पुढे संचालकांच्या बैठकीत एक अनोळखी साहेब येऊन बसू लागले. ते नुसता चहा पीत. हळूहळू त्यांच्यासमोर इतरांचंही बोलणं आटलं.

आणि एका फेब्रुवारीत आमच्या सरकारने शेजारच्या देशाशी युद्ध सुरू केलं. थोड्याच दिवसांत त्याला युद्ध म्हणायचीही बंदी झाली. मी नेहमीसारखाच मोजत होतो. मला मिळणाऱ्या सगळ्या वर्तमानपत्रांत एकच मजकूर असे, तो मी इमानेइतबारे वर लावत होतो.

माझ्या पंख्यांच्या घरघरीत बोलणं बाहेर ऐकू जात नाही, म्हणून माणसं फोन करायला माझ्या खोलीत येऊ लागली. आग्नियाही आली. तिची मावशी राइसा सीमेपलीकडे, खार्किवला होती.

"आई, मावशी तळघरात आहे गं. समोरची इमारत कोसळलीय."

"तिचं काय ऐकतेस? लहानपणापासून एकाचं चार करून सांगते ती."

"सख्खी बहीण आहे तुझी! घरी बोलाव तिला, हात जोडते."

"उगाच का बोलावू? सकाळीच तुझं पान बघितलं मी. घरांवर बॉम्ब पडतायत असं कुठंय त्यात? तूच म्हणाली होतीस ना, यात माणसाचा हात नसतो?"

आग्नियाने फोन बंद केला आणि माझ्या पत्र्याला कपाळ टेकवलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो.

तिने मालकांना तिथेच बोलावून घेतलं. "एक दिवस. एकच दिवस याला सगळं वाचू द्या."

"आणि उद्या? उद्या माझ्या खुर्चीत सरकारचा माणूस बसेल. मी आहे तोवर निदान…"

"तोवर निदान काय, वादीम ग्लेबोविच?"



आठवडाभरात ती नोकरी सोडून परदेशी, येरेवानला निघाली. आमच्याकडे प्रवासाला निघण्याआधी क्षणभर गप्प बसतात. ती माझ्यासमोर बॅगेवर बसली, मालक रिकाम्या खोक्यावर. मग ती उठून गेली. वर्ष सरायच्या आत मालकही कंपनी सोडून गेले आणि त्यांच्या खुर्चीत चहावाले साहेब बसले.

यंत्राची निगा म्हणजे धूळ पुसणं, असं मला वाटायचं. माझी धूळ आजही रोज पुसतात. मित्रांनो, एखादं यंत्र प्रामाणिक आहे असं कुणी सांगितलं, तर त्याला खायला कोण घालतं ते विचारा. आणि पहिल्याच दिवशी विचारा.

आता मला शोधाच्या कामाला लावलंय: लोक चौकटीत शब्द टाकतात, मी त्याबद्दलचं शोधून देतो. वरोनेझहून आग्नियाची आई रोज आमच्या पानावर येते. राइसाचा फोन लागेनासा झाल्यापासून ती बातम्या वाचत नाही. चौकटीत बहिणीच्या रस्त्याचं नाव टाकते, घराचा क्रमांक टाकते, मग नुसतं 'राइसा' टाकते. मी माझ्याकडचं सगळं धुंडाळतो आणि तिला खार्किवचं आजचं हवामान दाखवतो.